इंदूरचा उकिरडा आणि इंग्लंडचे मळे

नवशिक्या माणसाने जमिनीचा एखादा तुकडा हाती घेऊन भाजीपाला लावावयाचे ठरविले, तर त्याने सल्ला कोणाचा घ्यावा, हा प्रश्न वरकरणी क्षुल्लक वाटतो. शेजारच्या मळ्यातील माणसाला विचारावे, एखादे पुस्तक आणावे, बियाणे विकणाऱ्याचे ऐकावे. यात इतिहासाने लक्ष घालावे असे काय आहे? परंतु दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभी हाच प्रश्न ब्रिटनमधील लाखो कुटुंबांपुढे एकाच वेळी उभा राहिला, आणि त्याच्या उत्तरावर त्यांच्या हिवाळ्यातील ताटाचा बराच भाग अवलंबून होता. त्या वेळी जी उत्तरे दिली गेली, त्यांपैकी एक आमच्या इंदूरहून तिकडे गेले होते. ते कसे गेले, वाटेत त्यात काय बदलले आणि कोणाचे नाव गळाले, हे सांगण्यासाठी आम्ही हा लेख लिहीत आहोत.

प्रथम 'ॲलॉटमेंट' म्हणजे काय ते सांगितले पाहिजे, कारण आपल्याकडे त्याला नेमका शब्द नाही. परसबाग घराला लागून असते, मळा शेतकऱ्याचा असतो. ॲलॉटमेंट ही या दोहोंच्या मधली गोष्ट होय. ज्याच्या घराभोवती पुरेशी जागा नाही, अशा माणसाला स्थानिक संस्थेने अल्प खंडाने दिलेला भाजीचा तुकडा, असे तिचे वर्णन करता येईल. १९०८ च्या कायद्याने मागणी आल्यास अशी जमीन मिळवून देण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली. तुकड्याचे रूढ माप दहा रॉड. रॉड म्हणजे आपल्याकडील काठीसारखे जमीन मोजण्याचे जुने माप. दहा रॉडांचा तुकडा साधारणपणे ९० फूट लांब आणि ३० फूट रुंद, म्हणजे आपल्या हिशेबाने सुमारे अडीच गुंठे. या अडीच गुंठ्यांत एका कुटुंबाची वर्षभराची भाजी निघावी, अशी अपेक्षा असे.

सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध पुकारले गेले. ब्रिटन हा बाहेरून आलेल्या अन्नावर जगणारा देश. जहाजे बुडू लागली की ताट रिकामे, हे पहिल्या महायुद्धात त्याने अनुभवले होते. ऑक्टोबरच्या पहिल्याच आठवड्यात कृषिमंत्री रेजिनाल्ड डॉर्मन-स्मिथ (हेच गृहस्थ पुढे ब्रह्मदेशाचे गव्हर्नर झाले) यांनी नभोवाणीवरून आवाहन केले की, आणखी पाच लाख तुकडे लागवडीखाली यावेत. 'विजयासाठी खणा' ही घोषणा तेव्हापासूनची. लंडनच्या बादशाही बागांत कोबी लागला, टॉवर ऑफ लंडनच्या खंदकात भाजीचे वाफे पडले. युद्धापूर्वी सुमारे ८ लाख १५ हजार असलेल्या ॲलॉटमेंटांची संख्या १९४३ पर्यंत १४ लाखांवर गेली, असा आकडा सर्वत्र दिला जातो. म्हणजे पाच-सहा लाख कुटुंबे अशी होती की ज्यांच्यातील बहुतेकांनी कुदळ प्रथमच हातात घेतली असावी. त्यांत कारकून होते, गिरणीकामगार होते, शाळामास्तर होते, आणि नवरा आघाडीवर गेलेल्या गृहिणीही होत्या.

या मंडळींना शिकवावयाचे कोणी? सरकारने पत्रके काढली, आणि ती पुष्कळच चांगली होती असे आम्ही म्हणू. 'विजयासाठी खणा' या मालेतील पहिल्या पत्रकात दहा रॉडांच्या तुकड्याचा नकाशाच छापलेला असे. तुकड्याचे तीन भाग करावयाचे: एकात वाटाणा, घेवडा, कांदे, दुसऱ्यात बटाटे आणि गाजरासारखी कंदमुळे, तिसऱ्यात कोबीवर्गातील हिवाळी भाज्या. दरवर्षी भागांची अदलाबदल करावयाची, म्हणजे तीन वर्षांनी पीक पुन्हा मूळ जागी येते आणि जमिनीचा कस एकाच अंगाने ओढला जात नाही. फेरपालट ही गोष्ट आपल्या शेतकऱ्याला सांगावी लागत नाही. पण ज्याने आयुष्यात फक्त गुलाबाचे झाड लावले त्याला ती सांगावीच लागते. पत्रकाचा खरा भर मात्र आणखी एका मुद्द्यावर होता. नवशिका माणूस उन्हाळ्यात सर्व भाजी एकदम पिकवितो, शेजाऱ्यांना वाटून दमतो आणि फेब्रुवारीत त्याच्या वाफ्यात काही नसते. म्हणून हिवाळ्याचा विचार उन्हाळ्यातच करा, हे त्या पत्रकांचे पालुपद होते.

पत्रकाला एक मर्यादा असते. ते सर्वांसाठी छापलेले असते, आणि वाफा मात्र एकाचाच असतो. स्कॉटलंडमधील थंडी आणि दक्षिण किनाऱ्यावरील ऊब यांत पेरणीच्या तारखेला कित्येक दिवसांचा फरक पडतो. चिकणमाती आणि वाळूची जमीन यांना एकच सूचना लागू पडत नाही. ही उणीव भरून काढण्याचे काम एका आवाजाने केले. सी. एच. मिडलटन हे बीबीसीवर रविवारी दुपारी बागकामावर बोलत. नॉर्दॅम्प्टनशर परगण्यातील एका वाड्याच्या मुख्य माळ्याचे हे चिरंजीव. मातीत वाढलेले, बोलणे संथ आणि मिस्कील. युद्धकाळात त्यांचे श्रोते पस्तीस लाखांच्या आसपास होते असे सांगतात. १९४५ च्या सप्टेंबरात, युद्ध संपल्यावर काही आठवड्यांतच ते वारले. त्यांच्याखेरीज रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने १९४१ मध्ये एक छायाचित्रांचे पुस्तक काढले. त्यात कुदळ कशी धरावी, सरी कशी काढावी, रोप किती खोल बसवावे हे चित्रांनी दाखविलेले होते. वाचून न कळणारी गोष्ट पाहून कळते, हे तत्त्व त्यामागे होते. क्यू येथील प्रसिद्ध उद्यानात नमुन्याचा तुकडा लावून तो लोकांना दाखविला जाई.

येथपर्यंत सर्व ठीक चालले. अडले ते खतापाशी. बियाणे टपालाने मागविता येते; खताचे काय? पूर्वी घोड्यांच्या पागा होत्या, लीद मिळे; मोटारी आल्या आणि शहरातील लीद संपली. १९४२ पासून सरकारने 'नॅशनल ग्रोमोअर' नावाचे मिश्रखत पुरविले. त्यात नत्र, स्फुरद आणि पालाश प्रत्येकी सात टक्के. दहा रॉडांना ४२ पौंड, म्हणजे सुमारे १९ किलो पुरे. नवशिक्याला मोजूनमापून टाकता येईल अशी ही सोय होती, आणि तिचा उपयोग झाला हे मान्य केले पाहिजे. परंतु पोत्यातील दाण्यांनी जमिनीत भुसभुशीतपणा येत नाही. त्यासाठी कुजलेला पालापाचोळा लागतो, आणि तो कसा कुजवावा हे बहुतेकांना ठाऊक नव्हते. कोपऱ्यात कचरा टाकावा, त्याला माश्या लागाव्यात, दुर्गंधी सुटावी आणि शेजाऱ्याने तक्रार करावी, एवढेच त्याचे फलित होई. सरकारने कचऱ्याचे खत करण्यावरही पत्रक काढले. पण या विषयातील मूळ पाठ कोठे गिरविला गेला ते पाहावयाचे, तर आपणांस पंधरा वर्षे मागे आणि माळव्यात यावे लागेल.

अल्बर्ट हॉवर्ड हे १९०५ मध्ये बिहारमधील पुसा येथील सरकारी संशोधन संस्थेत वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून आले. त्यांच्या पत्नी गॅब्रिएल याही त्याच शास्त्रातील जाणकार. नवऱ्याच्या सावलीत न राहता त्यांनी बरोबरीने संशोधन केले आणि पुढे त्यांनाही सरकारी पद मिळाले. पुसाच्या आसपासच्या शेतकऱ्यांची पिके औषधे न फवारताही बरीचशी निरोगी असतात, हे हॉवर्डांच्या ध्यानी आले. विलायतेतील शिक्षण घेऊन आलेल्या साहेबाने तेथून पुढे त्या शेतकऱ्यांनाच गुरुस्थानी मानले. पिकावरची कीड हा आपला दुसरा गुरू, असेही ते म्हणत, कारण कीड पडली की जमिनीचे कोठेतरी चुकले हे कळते. चीनमधील शेतकरी चाळीस शतके एकाच जमिनीचा कस कसा राखतात, यावरचे अमेरिकन शास्त्रज्ञ एफ. एच. किंग यांचे १९११ चे पुस्तकही त्यांच्या विचारांमागे होते.

पुसाच्या संस्थेत वनस्पतिशास्त्र एकीकडे, रसायन दुसरीकडे, कीटकशास्त्र तिसरीकडे अशी वाटणी होती. ती हॉवर्ड दांपत्याला मानवेना. १९२४ मध्ये इंदूर येथे 'इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री' स्थापन झाली. होळकर दरबारने तीनशे एकर जमीन दिली, कापूस समितीने आणि मध्य हिंदुस्थानातील संस्थानांनी पैसा दिला. काम कापसाचे होते. पण जमीन सुधारल्याशिवाय कापसाचा विचार करणे व्यर्थ, या धोरणाने हॉवर्डांनी माळव्याच्या काळ्या मातीवर प्रयोग मांडले. येथे एक नोंद करावीशी वाटते. त्यांच्या आधी सहा वर्षे, १९१८ मध्ये, पॅट्रिक गेडीस यांनी इंदूर दरबाराला नगररचनेचा दोन खंडांचा अहवाल सादर केला होता आणि शहराची घाण नदीला न देता मातीला द्यावी, असा आग्रह त्यात धरला होता. शहरातील घाण ही संपत्ती आहे, हा विचार इंदुरात त्यामुळे अगदीच नवा नव्हता.

अडचण होती शेणाची. आपल्याकडे शेणाचा मोठा भाग गवऱ्या होऊन चुलीत जातो. शेतकऱ्याला त्याबद्दल दोष देण्यात अर्थ नाही, कारण दुसरे सरपण त्याच्यापाशी नसते. तेव्हा उरलेले थोडे शेण पुरवून पुरवून वापरावयाचे, आणि शेतातील जो काडीकचरा वाया जातो तो त्याच्या साहाय्याने कुजवावयाचा, असे ठरले. पऱ्हाट्या, तुराट्या, उसाचे पाचट, ताग, तण, झाडांची पाने, काही वगळावयाचे नाही. पऱ्हाट्यांसारखा कठीण माल रस्त्यावर अंथरून गाड्यांच्या चाकांखाली चिरडला जाई. मग तो गोठ्यात बैलांच्या पायांखाली अंथरावयाचा. सकाळी ते शेणाने माखलेले अंथरूण आणि गोठ्यातील मूत्राने भिजलेली माती उचलून खड्ड्याशी न्यावयाची. खड्डा तीस फूट लांब, चौदा फूट रुंद आणि दोन-तीन फूट खोल. त्यात थरावर थर: काडीकचरा, शेणकाला, मूत्रमाती, चुलीतील राख, आणि दहापंधरा दिवसांपूर्वी भरलेल्या खड्ड्यातील थोडे कुजके, जणू विरजण म्हणून. पायाने तुडवावयाचे नाही, कारण आत हवा खेळली पाहिजे. तीन महिन्यांत तीनदा वरखाली करावयाचे. पहिल्या दिवसांत ढिगावर पांढरी बुरशी येते, आत हात ठेवता येणार नाही इतकी उष्णता असते. तीन महिन्यांनी काळसर, भुसभुशीत, मातीच्या वासाचे खत हाती येते. दुर्गंधी सुटली वा माश्या झाल्या, तर पाणी अधिक झाले किंवा हवा कमी पडली असे समजावे. पावसाळ्यात खड्ड्यांत पाणी साचते, म्हणून तेव्हा जमिनीवर ढीग रचावयाचे. आरंभी ढिगात कर्ब आणि नत्र यांचे प्रमाण साधारण ३३ ला १ असावे, हेही तेथे तपासून ठरविले गेले.

हे तपासण्याचे काम रसायनाचे होते, आणि येथे आमच्या वाचकांनी लक्ष द्यावे अशी गोष्ट आहे. या पद्धतीचे पहिले संपूर्ण पुस्तक १९३१ मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने काढले. शेतीतील टाकाऊ मालापासून खत कसे करावे, हा त्याचा विषय. त्याच्या मुखपृष्ठावर दोन नावे आहेत: अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत डी. वाड. वाड हे त्या संस्थेत रसायन विभागाचे प्रमुख साहाय्यक होते. पद्धतीला नाव मात्र दोघांपैकी कोणाचेच दिले नाही. 'इंदूर पद्धत' हेच नाव तिला पडले.

गॅब्रिएल १९३० मध्ये वारल्या, आणि दुसऱ्या वर्षी हॉवर्ड विलायतेस परतले. इंदूर पद्धत प्रथम केनियातील कॉफीच्या आणि मग इतरत्र चहाच्या मळ्यांत रुजली. १९४० मध्ये, म्हणजे ऐन 'खणा' मोहिमेत, हॉवर्डांचा 'ॲन ॲग्रिकल्चरल टेस्टामेंट' हा ग्रंथ आला. अडीच गुंठेवाल्याने तो वाचला असेल असे नाही. परंतु त्यातील कृती माळ्यांमार्फत त्याच्यापर्यंत उतरली. वेस्टमोरलंडमधील लेव्हन्स हॉल या जुन्या वाड्याचे मुख्य माळी एफ. सी. किंग यांनी ती आपल्या बागेत चालविली आणि १९४४ मध्ये खतावरच्या बागकामाचे छोटेखानी पुस्तक लिहिले. तेव्हापासून इंग्रजी बागकामाच्या पुस्तकांत 'इंदूर ढीग' हा जणू सामान्य शब्दच होऊन बसला.

पण इंदूरचा ढीग इंग्लंडात जसाच्या तसा नेता येत नव्हता, आणि चांगले मार्गदर्शन ओळखण्याची कसोटी आम्हांस येथे सापडते. लंडनच्या उपनगरातील कारकुनाकडे बैल नव्हते, गोठा नव्हता, मूत्रमाती नव्हती. शेणाच्या जागी कोंबड्यांची वा सशांची विष्ठा, तीही नसल्यास सुकविलेले रक्त किंवा शिंगाखुरांचा चुरा आला. सततच्या पावसात खड्डा भरून जाणार, म्हणून ढीग जमिनीवर आला. तीस फुटी खड्ड्याऐवजी, सभोवार हवा जाईल अशी फळ्यांची चार फुटी चौकोनी पेटी आली. ती न्यूझीलंडमधील बागवानांनी योजिली होती आणि हॉवर्डांनी तिचा पुरस्कार केला. काय बदलावे आणि काय बदलू नये, हे त्यांना सांगता आले याचे कारण उघड आहे. प्रत्येक थर कशासाठी आहे, हे इंदुरात हाताने करून पाहिलेले होते. ज्या सल्ल्यात 'हे टाका, ते टाका' एवढेच असते तो जमीन बदलली की निकामी होतो. ज्यात 'का' सांगितलेले असते तो सातासमुद्रापलीकडेही उपयोगी पडतो. आमच्या मते सरकारी पत्रक आणि इंदूर पद्धत यांत मुख्य फरक हाच होता.

याचा अर्थ हॉवर्डांचे सर्वच म्हणणे ग्राह्य धरावे असा नाही. पुढे पुढे त्यांचा सूर प्रवक्त्याचा न राहता प्रचारकाचा झाला. रासायनिक खत म्हणजे अनर्थ आणि कंपोस्ट म्हणजे पिकाच्या, जनावरांच्या व माणसाच्या सर्व रोगांवर उतारा, इतके टोक त्यांनी गाठले; त्याला प्रयोगांचा पुरेसा आधार नव्हता. युद्धकाळातील कुटुंबाने वाफ्यात थोडे ग्रोमोअर आणि थोडे कंपोस्ट असे दोन्ही घातले असेल, तर ते कुटुंब शहाणे म्हटले पाहिजे. तथापि १९४२ मध्ये अमेरिकेत जे. आय. रोडेल यांनी सेंद्रिय शेतीचे मासिक काढले तेव्हा हॉवर्ड त्याचे सहसंपादक होते, आणि १९४६ मध्ये इंग्लंडात स्थापन झालेल्या सॉइल असोसिएशनमागेही त्यांच्या विचारांची प्रेरणा होती. आज जगभर ज्याला सेंद्रिय शेती म्हणतात तिच्या वंशावळीत आमच्या शहराचा एक उकिरडा आहे, हे विसरता येत नाही. 'उकिरड्याची दैना बारा वर्षांनी फिटते' अशी आपली म्हण आहे. या उकिरड्याची तर त्याहून लवकर फिटली.

दैना फिटली नाही ती वाडांची. हॉवर्ड गेल्यानंतरही ते इंदुरातच काम करीत होते. शेतातील काडीकचऱ्यावर सिद्ध झालेली पद्धत मनुष्यवस्तीतील मैला व केरकचरा यांना लावून सोनखत निर्धोकपणे कसे करावे, यावर एफ. के. जॅक्सन आणि वाड यांचा निबंध फेब्रुवारी १९३४ च्या 'इंडियन मेडिकल गॅझेट'मध्ये प्रसिद्ध झाला. गावाच्या आरोग्याचा आणि शेताच्या सुपीकतेचा प्रश्न एकाच खड्ड्यात सोडविण्याचा तो प्रयत्न होता. एप्रिल १९३५ मध्ये हिंदी साहित्य संमेलनासाठी महात्मा गांधी इंदुरास आले असता त्यांनी ही संस्था पाहिली, आणि त्याच वर्षी 'हरिजन'मध्ये इंदूर पद्धतीची माहिती देणारे संस्थेचे पत्रक छापून ते ग्रामसेवकांपुढे ठेवले. एवढे असूनही इंग्रजीत लिहिलेले सेंद्रिय शेतीचे सामान्य इतिहास उघडून पाहावेत. हॉवर्डांवर पानेच्या पाने सापडतात, वाडांवर बहुधा एखादी ओळ किंवा तळटीप. हॉवर्डांची चरित्रकथा त्यांच्या दुसऱ्या पत्नी लुईझ यांनी १९५३ मध्ये लिहिली. वाडांची कोणी लिहिल्याचे आमच्या पाहण्यात नाही. आणि ज्या गडीमाणसांनी ते ढीग भर उन्हात तीनतीनदा वरखाली केले, त्यांची तर नावेही कोणी टिपली नाहीत. याला हॉवर्ड एकटे जबाबदार नाहीत. त्यांनी तर मुखपृष्ठावर सहकाऱ्याचे नाव बरोबरीने घातले होते. परदेशी ग्रंथकारांनी विसरावे यातही नवल नाही. नवल आहे ते आम्हां इंदूरकर मराठी मंडळींचे. अहिल्याबाईंपासून होळकर दरबारातील मानकऱ्यांपर्यंत सर्वांची वंशवेल आम्ही तोंडपाठ म्हणतो, आणि शेणकाल्यात हात घालून शहराचे नाव जगभर नेणारा मराठी रसायनशास्त्रज्ञ आमच्या एकाही स्मरणिकेत भेटत नाही.

त्या संस्थेच्या जागेवर पुढे कृषी महाविद्यालय उभे राहिले. २०१७ ते २०२३ अशी सलग सात वर्षे इंदूर हे देशातील सर्वांत स्वच्छ शहर ठरले. ओला कचरा वेगळा करून त्याचे खत, आणि २०२२ पासून त्यापासून वाहनांचा वायूही येथे होतो. त्या निमित्ताने पुष्कळ भाषणे झाली. वाडांचे नाव आम्ही त्यांत ऐकले नाही.

आपल्या सभासदांपैकी अनेकांचे वाडवडील होळकर दरबारच्या नोकरीत होते, काहींचे या संस्थेतही असतील. कोणाच्या ट्रंकेत, माळ्यावर किंवा जुन्या दप्तरात संस्थेने काढलेली पत्रके, वाडांची पत्रे, छायाचित्रे अथवा हजेरीपटाचे एखादे पान असल्यास त्याची प्रत मंडळाच्या चिटणिसांकडे द्यावी. मजुरांची नावे असलेला कागद मिळाल्यास तो आम्हांस सर्वांत मोलाचा वाटेल.